घरातले वाय-फाय : मांडणी आणि राखण

(बडोद्यातील आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवात, व्याख्यानाच्या संध्याकाळी मंडळाच्या एका निवृत्त अभियंता सभासदाने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर. शेवटी सभासदांनी विचारलेले काही प्रश्न आणि त्यांची उत्तरेही दिली आहेत. – संपादक मंडळ)



दहा दिवसांच्या भरगच्च कार्यक्रमात, अथर्वशीर्ष पठण, पाककला स्पर्धा, मुलांची नाटुकली आणि सुगम संगीत यांच्या गर्दीत मंडळाने राउटरसारख्या रुक्ष विषयाला एक संध्याकाळ दिली, याबद्दल प्रथम आभार मानतो. विषय रुक्ष खरा, पण तो आता घरोघरचा आहे. परदेशातल्या नातवंडांशी बोलणे, विजेचे बिल भरणे, बँकेचे व्यवहार, मुलांचा अभ्यास, दाराशी लावलेला कॅमेरा, हे सगळे भिंतीवरच्या एका छोट्या डब्यातून जाते. तो डबा बसवायला एक मुलगा येतो, पंधरा मिनिटांत काम उरकतो, जाताना एका चिठ्ठीवर पासवर्ड लिहून देतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे पळतो. त्या चिठ्ठीच्या भरवशावर आपण वर्षानुवर्षे राहतो.

घराला कुलूप लावताना आपण असे करत नाही. कुलूप आपण निवडतो, किल्ल्या किती आणि कोणाकडे याचा हिशेब ठेवतो. गावाला जाताना कोणती किल्ली शेजारच्या काकूंकडे ठेवायची हेही ठरलेले असते. वाय-फायलाही हाच हिशेब लागू आहे, एवढेच मला आज सांगायचे आहे. तो का लागू आहे, हे आधी सांगतो आणि मग कसे करायचे ते पाहू.

जुलै २००८ ची आठवण

२६ जुलै २००८, शनिवारची संध्याकाळ. शेजारच्या अहमदाबादेत एकापाठोपाठ एक बॉम्बस्फोट झाले. ५६ माणसे गेली. त्या रात्री आपल्यापैकी कित्येकांनी तिकडच्या नातेवाइकांना फोन लावले असतील. स्फोट सुरू होण्याच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ई-मेल आला होता. पोलिसांनी त्या ई-मेलचा माग काढला तेव्हा तो नवी मुंबईत, सानपाड्यातल्या एका फ्लॅटवर पोहोचला. तिथे एक अमेरिकन नागरिक सहकुटुंब राहत होते. त्यांचे संगणक तपासासाठी नेले गेले, त्यांची चौकशी झाली. अखेर निष्पन्न झाले ते असे, की त्यांचे वाय-फाय दुसऱ्याच कोणीतरी वापरले होते.

प्रकार तिथे थांबला नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पुढचा ई-मेल माटुंग्यातल्या एका महाविद्यालयाच्या नेटवर्कवरून गेला. १३ सप्टेंबरला दिल्लीत स्फोट झाले, तेव्हाचा ई-मेल चेंबूरच्या एका कंपनीच्या वाय-फायवरून गेला. तिन्ही वेळा रीत एकच. नेटवर्क दुसऱ्याचे, काम आपले. त्यानंतर फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने इंटरनेट पुरवठादारांना ग्राहकांची वाय-फाय जोडणी सुरक्षित राहील हे पाहण्याच्या सूचना दिल्या.

यातले तांत्रिक मर्म समजून घेऊ. इंटरनेटवर जाणाऱ्या प्रत्येक गोष्टीवर एक पत्ता असतो. त्याला आयपी पत्ता म्हणतात. तो तुमच्या जोडणीचा असतो, माणसाचा नसतो. पत्रावर ज्या टपाल कार्यालयाचा शिक्का असतो, त्यावरून पत्र कुठून निघाले ते कळते, कोणी लिहिले ते कळत नाही. पुरवठादाराकडे नोंद असते ती एवढीच, की अमुक वेळी अमुक पत्ता अमुक ग्राहकाकडे होता. म्हणून बिल ज्याच्या नावावर, पहिला प्रश्न त्याला. उत्तर देता येतेच, पण ते देईपर्यंतचे दिवस कोणाच्याही वाट्याला येऊ नयेत.

भिंतीपलीकडे जाणारी गोष्ट

वाय-फाय हा एक छोटा रेडिओ आहे. तो बोलतो आणि ऐकतोही. १८९५ साली कलकत्त्यात जगदीशचंद्र बोस यांनी अशाच लहरी भिंतीपलीकडे पाठवून घंटा वाजवून दाखवली होती. भिंत ओलांडणे हा लहरींचा मूळ स्वभाव आहे. त्या आपल्या उंबरठ्याशी थांबत नाहीत. जिन्यात जातात, शेजारच्या फ्लॅटमध्ये जातात, खाली उभ्या असलेल्या गाडीतही जातात.

ज्येष्ठ मंडळींना आठवत असेल, एके काळी घरात रेडिओ ठेवायला पोस्टातून परवाना घ्यावा लागे. वाय-फायला असा परवाना लागत नाही. जानेवारी २००५ मध्ये केंद्र सरकारने २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा ठरावीक शक्तीच्या मर्यादेत सर्वांना खुला केला आणि २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याचा मोठा भाग खुला झाला. खुला म्हणजे सगळ्यांचा. सार्वजनिक बागेत बसून बोलण्यासारखे आहे हे. बोलायला मनाई नाही, पण शेजारच्या बाकावरचा ऐकू शकतो. म्हणून बोलणे सांकेतिक हवे. ते कसे, ते पुढे सांगतो. आधी डबा कुठे ठेवायचा ते पाहू.

मांडणी

तार जिथून घरात शिरते तिथेच राउटर ठोकण्याची पद्धत आहे. म्हणजे बहुतेक वेळा मुख्य दाराशी किंवा गॅलरीच्या खिडकीत. परिणाम असा होतो की अर्धी लहर रस्त्याला मिळते आणि आतल्या खोलीत आजोबांचा व्हिडिओ कॉल अडकत राहतो. बसवणाऱ्याला सांगून दहा-पंधरा फूट तार जास्त घ्या आणि राउटर घराच्या मध्यावर, माणसाच्या उंचीच्या थोडा वर बसवा.

राउटरच्या उभ्या अँटेनामधून लहर गरब्याच्या रिंगणासारखी चहूबाजूंना आडवी पसरते, वर आणि खाली कमी जाते. त्यामुळे एकमजली घरात अँटेना सरळ उभ्या ठेवाव्यात. घर दुमजली असेल तर दोनपैकी एक आडवी करून पाहावी.

लहरींचे शत्रू ओळखून ठेवा. पहिला शत्रू धातू. लोखंडी कपाटाच्या मागे किंवा टीव्हीच्या पाठीशी राउटर ठेवू नये. मोठा आरसाही धातूतच मोडतो, कारण त्याच्या पाठीला धातूचा लेप असतो. दुसरा शत्रू पाणी, म्हणजे मोठे फिशटँक किंवा पाण्याची टाकी. तिसरा शत्रू जाड भिंत. दांडिया बाजाराकडच्या जुन्या वाड्यांच्या दीड-दोन फुटी भिंती आणि नव्या इमारतींचे लोखंडी सळ्यांचे काँक्रीट, दोन्ही लहर खातात. अशा घरात कितीही महागडा राउटर आणला तरी एका डब्याने भागत नाही. दुसऱ्या खोलीपर्यंत तार ओढून तिथे दुसरा डबा लावणे हा उत्तम उपाय. तार शक्य नसेल तर हल्ली मिळणारे मेश पद्धतीचे दोन-तीन डब्यांचे संच उपयोगी पडतात.

बहुतेक राउटर दोन पट्ट्यांवर बोलतात. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण साडेबारा सेंटिमीटर असते. ती लांब जाते, पण तिथे गर्दी फार. सगळ्या शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ आणि स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह त्याच पट्ट्यात असतात. मायक्रोवेव्ह चालू असताना वाय-फाय मंदावते ते यामुळेच. ५ गिगाहर्ट्झची लहर साधारण निम्म्या लांबीची, वेगवान, पण भिंतीला लवकर हार मानणारी. म्हणून राउटरच्या खोलीतल्या टीव्ही-लॅपटॉपला ५ आणि लांबच्या कॅमेऱ्याला २.४, अशी वाटणी चांगली. २.४ च्या पट्ट्यात वाहिनी स्वतः निवडायची असेल तर १, ६ किंवा ११ यांपैकीच एक घ्यावी, कारण या तीनच एकमेकींच्या अंगावर येत नाहीत.

वीज गेली की वाय-फायही जाते. ज्यांच्याकडे इन्व्हर्टर नाही त्यांनी राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस घ्यावा. घेताना राउटरच्या अडॅप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर पाहून घ्यावे. पुरवठादाराचा फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही यूपीएसवर जागा हवी, नाहीतर राउटर जागा आणि इंटरनेट झोपलेले अशी गत होते.

दोन किल्ल्या, एक नव्हे

आता राखणीकडे वळू. इथे पहिला घोटाळा शब्दांचा होतो. राउटरला पासवर्ड दोन असतात. एक वाय-फायचा. तो पाहुणे मागतात आणि मोबाइलमध्ये घालतात. ही घराच्या दाराची किल्ली. दुसरा राउटरच्या सेटिंगचा. तो ज्याच्या हाती गेला तो दाराचे कुलूपच बदलू शकतो. पुष्कळ घरांत पहिला पासवर्ड नीट असतो आणि दुसरा कारखान्यातून आला तसाच असतो. नाव अ‍ॅडमिन आणि पासवर्डही अ‍ॅडमिन.

यातून काय होते? राउटरमध्ये डीएनएस नावाची एक व्यवस्था असते. तुम्ही बँकेचे नाव टाइप करता, ती त्या नावाचा आकडी पत्ता शोधून आणते. टेलिफोन डिरेक्टरीसारखे काम आहे. सेटिंग ज्याच्या ताब्यात गेले तो ही डिरेक्टरीच बदलू शकतो. नाव बँकेचे आणि पत्ता चोराचा. ब्राझीलमध्ये २०११-१२ च्या सुमारास हेच झाले. तिथल्या सुमारे ४५ लाख मोडेममधल्या त्रुटीचा फायदा घेऊन डिरेक्टरी बदलली गेली आणि लोक खोट्या पानांवर नेले गेले. २०१६ साली मिराई नावाच्या घातक प्रोग्रॅमने जगभरातले कॅमेरे आणि राउटर काबीज केले. त्याची युक्ती साधी होती. कारखान्यातून येणाऱ्या नाव-पासवर्डांच्या साठेक जोड्या तो एकेक करून लावून पाहत असे. कुलूप फोडावे लागलेच नाही, किल्ली दारालाच होती.

हा पासवर्ड कसा बदलायचा? वाय-फायला जोडलेल्या संगणकावर किंवा मोबाइलवर ब्राउझर उघडून राउटरचा आकडी पत्ता टाइप करायचा. बहुधा तो १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. राउटरच्या पोटाखालच्या लेबलवर तो आणि मूळ नाव-पासवर्ड छापलेले असतात. आत शिरल्यावर अ‍ॅडमिनिस्ट्रेशन, सिस्टीम किंवा मेंटेनन्स या विभागात पासवर्ड बदलण्याची सोय असते. काही पुरवठादार हे पान कुलूपबंद ठेवतात. तेव्हा त्यांचे ॲप वापरावे किंवा ग्राहक सेवेला फोन करून त्यांच्याकडूनच बदलून घ्यावा. नवा पासवर्ड वहीत लिहून ठेवा. वही कपाटात ठेवायला हरकत नाही. चोर समुद्रापलीकडून येतो, त्याला तुमचे कपाट उघडता येत नाही.

सांकेतिक भाषेचे चार अवतार

राउटर आणि मोबाइल एकमेकांशी सांकेतिक भाषेत बोलतात. या भाषेचे चार अवतार झाले आहेत. पहिला डब्ल्यूईपी, १९९७ चा. त्यात प्रत्येक निरोपाच्या सुरुवातीला एक बदलता आकडा असे, पण असे आकडे एकूण १ कोटी ६७ लाखच होते. गजबजलेल्या नेटवर्कवर ते काही तासांत संपत आणि पुन्हा तेच वापरात येत. २००१ मध्ये फ्लुरर, मँटिन आणि शमीर या तीन संशोधकांनी या भाषेतला खोल दोष दाखवून दिला आणि ती कायमची निकामी झाली. मग २००३ मध्ये डब्ल्यूपीए आली ती तात्पुरती सोय म्हणून, २००४ मध्ये डब्ल्यूपीए-२ आणि २०१८ मध्ये डब्ल्यूपीए-३.

तुम्हाला करायचे ते एवढेच. वायरलेस सिक्युरिटीच्या पानावर डब्ल्यूपीए-३ दिसत असेल तर ते निवडा. जुने मोबाइल जोडले जात नसतील तर डब्ल्यूपीए-२ आणि ३ मिळून असलेला पर्याय घ्या. नुसते डब्ल्यूपीए-२ असेल तर त्याच्यासोबत एईएस लिहिलेले हवे. तुमचा राउटर डब्ल्यूईपी किंवा पहिल्या डब्ल्यूपीएच्या पुढे जातच नसेल, तर त्याने सेवा पुष्कळ केली. त्याला निरोप द्या.

मोबाइल नंबर हा पासवर्ड नव्हे

आता खरी गंमत. डब्ल्यूपीए-२ ची भाषा मजबूत आहे, पण तिचा पासवर्ड अंदाजाने शोधता येतो. तुमचा मोबाइल राउटरला जोडला जाताना जी देवाणघेवाण होते ती जिन्यात बसून टिपता येते. ती घरी नेऊन संगणकावर एकेक पासवर्ड लावून पाहता येतो. तुमच्या राउटरला त्याचा पत्ताही लागत नाही. चांगले ग्राफिक्स कार्ड सेकंदाला दहा लाखांच्या आसपास पासवर्ड तपासते.

आपल्याकडे मोबाइल नंबर पासवर्ड म्हणून ठेवण्याची फार आवड. हिशेब करू. भारतातले मोबाइल नंबर दहा आकडी, ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होणारे. म्हणजे जास्तीत जास्त ४०० कोटी. सेकंदाला दहा लाख तपासले तर ४,००० सेकंद लागतात. म्हणजे सव्वा तासाच्या आत भारतातला प्रत्येक शक्य मोबाइल नंबर तपासून होतो. तुमचा नंबर ठाऊक असण्याचीही गरज नाही!

आता दुसरे टोक पाहा. नुसती इंग्रजी छोटी अक्षरे, पण कोणत्याही अर्थाशिवाय निवडलेली बारा. त्याच वेगाने ती सगळी तपासायला सुमारे तीन हजार वर्षे लागतात. अशी शंभर कार्डे लावली तरी तीस वर्षे. फरक लांबीने पडतो. विचित्र चिन्हांनी तेवढा पडत नाही.

पण निरर्थक बारा अक्षरे लक्षात कशी राहणार? त्यासाठी आपली मराठी कामी येते. एकमेकांशी संबंध नसलेले पाच शब्द घ्या आणि रोमन लिपीत सलग लिहा. उदाहरणार्थ कढई, जिना, पतंग, मंगळवार, सुतळी. हा नमुना आता छापला गेला, तेव्हा तो वापरू नका. घरच्यांनी मिळून आपला वेगळा तयार करा, मुलांना मजाही येईल. आरतीची ओळ, म्हण, आडनाव, जन्मसाल, बाप्पाचे नाव हे मात्र नको. हजारो लोकांना सुचते ते चोरालाही सुचते. पासवर्ड ८ पासून ६३ अक्षरांपर्यंत ठेवता येतो, तेव्हा जागेची काटकसर नको.

नेटवर्कचे नावही बदला. नावात फ्लॅट नंबर आणि आडनाव घालू नका. दारावरची पाटी बाहेरून येणाऱ्यासाठी असते. ही पाटी लावण्याची गरज नाही.

आणखी चार कामे

पहिले काम, डब्ल्यूपीएस बंद करणे. बटण दाबून किंवा आठ आकडी पिन घालून वाय-फाय जोडण्याची ही सोय. आठ आकडे म्हणजे फार वाटतात, पण शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून काढलेला असतो आणि राउटर पिनचे दोन अर्धे वेगवेगळे तपासतो. म्हणजे पहिल्या अर्ध्यासाठी १०,००० आणि दुसऱ्यासाठी १,०००, अशा फार तर ११,००० प्रयत्नांत पिन सापडते. हा दोष २०११ च्या अखेरीस जाहीर झाला. पिनची सोय तरी बंद कराच.

दुसरे काम, राउटरचे सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवणे. ऑक्टोबर २०१७ मध्ये बेल्जियमच्या ल्युव्हेन विद्यापीठातले माथी व्हॅनहूफ यांनी डब्ल्यूपीए-२ च्या जोडणीतला एक दोष दाखवला. तो सुधारित सॉफ्टवेअरने दुरुस्त झाला, पण ज्यांनी ते घातले त्यांच्याच घरी. मे २०१८ मध्ये व्हीपीएनफिल्टर नावाच्या प्रोग्रॅमने ५४ देशांतले सुमारे ५ लाख राउटर आणि तत्सम यंत्रे पछाडल्याचे उघड झाले. सेटिंगमध्ये आपोआप अपडेटचा पर्याय असेल तर तो चालू करा. नसेल तर दर वर्षी घटस्थापनेला घराची साफसफाई होते, तेव्हा हेही उरका.

तिसरे काम, बाहेरून राउटर चालवण्याची सोय, म्हणजे रिमोट मॅनेजमेंट, बंद करणे. ती पुरवठादाराने स्वतःसाठी ठेवली असेल तर त्याला विचारून घ्या.

चौथे काम मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. ते म्हणजे गेस्ट नेटवर्क. आजच्या बहुतेक राउटरमध्ये एकाच डब्यातून दोन नेटवर्क काढता येतात. जुन्या घरात ओसरी असे. आलेला-गेलेला ओसरीवर बसे, पाणी-चहा तिथेच. माजघरात घरचीच माणसे. गेस्ट नेटवर्क ही वाय-फायची ओसरी. पाहुण्यांना इंटरनेट मिळते, पण तुमचा संगणक, प्रिंटर आणि त्यातले फोटो त्यांना दिसत नाहीत. स्वस्तातले कॅमेरे, स्मार्ट दिवे आणि टीव्ही हेही पाहुणेच समजा. त्यांचे सॉफ्टवेअर क्वचितच दुरुस्त होते, म्हणून त्यांना ओसरीवर बसवा. पासवर्ड मात्र तिथेही हवा.

आता ज्या उपायांवर लोक उगीच विसंबतात ते दोन. नेटवर्कचे नाव लपवले म्हणजे सुरक्षा झाली, हा गैरसमज आहे. साध्या साधनानेही लपलेले नाव दिसते. ठरावीक मोबाइलनाच प्रवेश देणारी मॅक पत्त्यांची यादीही तशीच. तो पत्ता हवेत उघडाच असतो, त्याची नक्कल करता येते. शिवाय आजचे मोबाइल स्वतःहून बदलता पत्ता वापरतात, म्हणजे चोराआधी घरचीच माणसे बाहेर राहतात.

शेजारधर्माचे काय?

हा प्रश्न तांत्रिक नाही, म्हणून अवघड आहे. वाटीभर साखर देणारी आपण माणसे. शेजारच्या मुलाची परीक्षा आहे आणि त्यांचे नेट बंद पडले, तर पासवर्ड नाही कसे म्हणणार? माझे मत असे, की म्हणू नये. गेस्ट नेटवर्कचा पासवर्ड द्यावा आणि काम झाले की बदलावा. त्यात राग मानण्यासारखे काही नाही. किल्ली दिली, किल्ली परत घेतली.

पण जिथे राबता रोजचा आहे तिथे वेगळा विचार हवा. आपल्या गावात विद्यापीठाचे विद्यार्थी अनेक सभासदांच्या घरी पेइंग गेस्ट म्हणून राहतात. खोलीभाड्यात वाय-फायही येते. मुले गुणी असतात, पण त्यांचे मित्र येतात, मित्रांचे मित्र येतात, वर्षाअखेर खोली बदलते आणि पासवर्ड तोच राहतो. चार वर्षांत तो पन्नास जणांकडे असतो. ओसरी वेगळी केली तरी बाहेर जाणारा पत्ता तुमचाच, हे विसरू नका. अशा वेळी मुलांनी स्वतःच्या नावाने जोडणी घ्यावी हे उत्तम. ते जमत नसेल तर प्रत्येक नव्या भाडेकरूबरोबर पासवर्ड नवा, हा नियम ठेवा.

आणि आपल्या मंडळाचेही तेच. मांडवात दहा दिवस कॅमेरे आणि कार्यकर्त्यांसाठी वाय-फाय असते. पासवर्ड फळ्यावर लिहू नये. कॅमेऱ्यांचे नेटवर्क वेगळे असावे. विसर्जनानंतर मूर्तीच्या चौरंगापासून सतरंजीपर्यंत सगळे मोजून कपाटात जाते, त्या यादीत ‘पासवर्ड बदलला’ ही एक ओळ घालावी, अशी कार्यकारिणीला विनंती आहे.

कुलपाची मर्यादा

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. वाय-फायचे कुलूप हवेतल्या चोराला अडवते. फोन करून गोड बोलणाऱ्याला अडवत नाही. कितीही पक्का राउटर असला आणि तुम्ही स्वतः ओटीपी सांगितलात, तर तो काही करू शकत नाही. व्हिडिओ कॉलवर पोलिसाचा गणवेश दाखवून ‘डिजिटल अटक’ करणारे भेटले तर फोन ठेवा. अशी कोणतीही अटक आपल्या कायद्यात नाही. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर फोन करा. जितका लवकर फोन, तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

मंडळी, हे सगळे करायला अर्धा तास लागतो. घरातल्या तरुण मुला-मुलीला शेजारी बसवा, पण करून घेऊ नका, शिकून घ्या. पुण्या-बंगळुरूला राहणाऱ्या मुलाला फोन करून ‘आपला पासवर्ड काय रे?’ असे विचारावे लागणे बरे नाही. घर आपले, बिल आपल्या नावावर, तेव्हा किल्लीही आपल्याच हाती हवी.

सभासदांचे काही प्रश्न

*राउटरच्या मागचे छोटे भोक टाचणीने दाबले तर काय होते?*
राउटर कारखान्यातून आला त्या स्थितीत जातो. पासवर्ड विसरल्यास तो शेवटचा उपाय आहे. पण त्याबरोबर पुरवठादाराने घातलेली जोडणीची माहितीही पुसली जाऊ शकते. म्हणून जोडणीचे नाव आणि पासवर्ड पुरवठादाराकडून आधी लिहून घ्या, मगच टाचणी हातात घ्या.

*कोणी आपले वाय-फाय चोरून वापरते का, हे कसे कळेल?*
राउटरच्या पानावर किंवा ॲपमध्ये जोडलेल्या यंत्रांची यादी असते. घरातली यंत्रे मोजा आणि ताळा पाहा. अनोळखी नाव दिसले तर ते शोधत बसण्यापेक्षा पासवर्ड बदला. आपली यंत्रे पुन्हा जोडली जातील, परके बाहेर राहील.

*रात्री राउटर बंद ठेवावा का?*
गावाला जाताना जरूर बंद करा, कॅमेरे त्यावर नसतील तर. रोज रात्री बंद करण्याची गरज नाही. शिवाय काही अपडेट रात्रीच येतात.

*जुना राउटर भंगारात द्यावा का?*
आधी वरच्या टाचणीने त्यातली माहिती पुसा. मग ई-कचरा गोळा करणाऱ्या केंद्रात द्या. घराची जुनी किल्ली आपण भंगारात टाकत नाही, तसेच हे.



गणपती बाप्पा मोरया!